सरसाची शिवण

"व्हायोलिन अतिशय जुने असल्याने लाकूड जीर्ण होऊन आपोआप तडकले, यात कोणाचाही दोष नाही." वसईजवळच्या आमच्या गिरीज गावातल्या चर्चच्या गायनवृंद समितीचा हा ठराव, फेब्रुवारी २००३. खाली सचिवांची सही: प्लासिड, म्हणजे माझा धाकटा भाऊ.

'आपोआप' हा शब्द मला विशेष आवडला. पप्पांनी, म्हणजे व्हॅलेरियन यांनी, हे वाद्य चर्चमध्ये चाळीस वर्षे वाजवले. ते टिकले ते लाकडाच्या बळावर नव्हे, सांध्याच्या नमतेपणावर. जनावरांच्या कातडीपासून केलेला सरस गरम असताना लाकडाच्या रंध्रांत शिरतो आणि पाणी उडाले की घट्ट धरतो. पण ओल चढली किंवा लाकूड आकसले की आधी तोच सुटतो, लाकूड वाचते. दर पावसाळ्यात कडेची शिवण, म्हणजे वरची पाटी आणि बाजूची पट्टी यांचा सांधा, उघडे; पप्पा सरस वितळवून ती पुन्हा जोडत.

गेल्या पावसाळ्यात ती उघडली नाही. "यंदा उघडतच नाही गं," पप्पा मला पुण्याला फोनवर दोनदा म्हणाले. मी अभिनंदन केले. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात व्हायोलिनची वरची पाटी उभी चिरली. पप्पांनी ती पाहिली, व्हायोलिन पेटीत बंद केले, आणि त्यानंतर घरात सूर म्हणून उमटला नाही. तो सूर कोणी नेला, एवढेच मला शोधायचे होते.

गिरीजला आल्यावर शिवणीवर मी तासभर कोमट पाण्याचे बोळे ठेवले. सरस असता तर मऊ पडला असता. हा काचेसारखा तसाच: दोन ट्यूबमधले द्रव मिसळले की एकमेकांत कायमचे गुंतून दगड होतात, तो प्रकार. सांधा हलेना, म्हणून लाकूड फाटले.

"सचिवसाहेब, दोन ट्यूबही आपोआप पिळल्या गेल्या?"

"ताई, तू कॉलेजातल्यासारखी घरातपण तोंडी परीक्षाच घेतेस."

"मग लेखी दे."

त्याने ठरावाचाच कागद उलटा केला. लिहिले ते शब्दशः असे:

"शिवण उघडली की पप्पा स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे, 'आल्बिना, पाणी तापत ठेव.' मम्मी गेल्यावरही सहा पावसाळे तीच हाक मारत होते. तू पुण्याला होतीस. पाणी मी ठेवायचो. सातव्यांदा माझ्याने ठेववलं नसतं. म्हणून मे महिन्यातच सुरीने शिवण उघडली आणि कायमची चिकटवली."