हातोडीचा शॉट

मावशीने एकतीस वर्षं हिरे निवडले, पण तिच्या अंगावर हिरा कधी चढला नाही. कुणी त्यावरून छेडलं तर ती म्हणे, "शिंप्याच्या अंगावर कधी नवा सदरा बघितलाय का?" आणि विषय मिटवून टाके.

कारखान्यात उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. पांढरा कागद, चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग आणि समोर पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा ढीग. त्यातून स्वच्छ वेगळे, डागाचे वेगळे, पिवळट झाक असलेले वेगळे असं ती करत जायची. मग एक दिवस कारखान्यात निवडणीचं यंत्र आलं. यंत्राला पाठदुखी नसते आणि ते सुट्टीही मागत नाही. साहेबांनी मावशीच्या कौतुकाचं छोटंसं भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मावशी घरी आली.

घरी थोरली बहीण होती. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, पण ते लांबून जास्त टिकायचं. तिसऱ्या महिन्यात मावशीने स्वयंपाकघरातले डबे आकारानुसार लावले आणि थोरलीने भांडण काढलं. तिने मुलाला फोन लावला. "तुझ्या मावशीला काहीतरी काम बघ. नाहीतर एक दिवस मला पण निवडून बाजूला ठेवेल."

हा मुलगा, म्हणजे मावशीचा भाचा, सिनेमाच्या धंद्यात होता. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू, मग ते पिस्तूल असो की पाण्याचा तांब्या, जमवायची, सांभाळायची आणि परत द्यायची हे त्याचं काम. त्या वेळी तो एका हिंदी सिनेमावर होता. गोष्ट चोरट्या हिऱ्यांच्या व्यापाराची. मारामाऱ्या, पाठलाग, तीन खून. आणि सगळ्यांच्या मध्ये हिरो, जो नावाजलेला पारखी असून वाममार्गाला लागलेला.

"पण चिमटा असा धरतो, जणू भुवया कोरायला बसलाय," भाचा म्हणाला. "दिग्दर्शक वैतागलेत. मावशी, चार दिवस ये. फक्त हात कसा चालतो ते दाखव त्याला."

"मला सिनेमातलं काही कळत नाही."

"त्यांनाही हिऱ्यातलं कळत नाही. फिट्टंफाट."

शूटिंग एका रिकाम्या गोदामात चाललं होतं. आत हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचं ऑफिस उभारलेलं. भिंतींना हात लावला की त्या हलत, कपाटातल्या फायलींना नुसतेच पाठीचे पुठ्ठे होते, पण टेबल मात्र खिडकीशी होतं. मावशी आधी खिडकीकडे गेली. खिडकीबाहेर एक मोठा दिवा टांगलेला होता. "हे बरं आहे," ती म्हणाली. "यांचा सूर्य सांगितल्यावर येतो."

हिरो निघाला भला माणूस. त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिल्याच तासात बावीस खडे जमिनीवर सांडले. खडे अर्थातच काचेचे होते. मावशीने त्याला सांगितलं, "चिमट्यात जोर नको. पाखराचं पिल्लू धरल्यासारखं धर. सुटू द्यायचं नाही आणि दुखवायचंही नाही." दुसऱ्या दिवशी त्याला खडा उचलता यायला लागला. तिसऱ्या दिवशी तो भिंगातून बघताना दुसरा डोळा उघडा ठेवायला शिकला, आणि दिग्दर्शकाने खूश होऊन मावशीसाठी स्वतःच्या शेजारी खुर्ची मांडायला लावली. दिग्दर्शक काडीसारखा माणूस, दिवसभर काळी कॉफी पिऊन जगायचा आणि कुणाचं काही आवडलं की मांडीवर थाप मारायचा. स्वतःच्या नव्हे, शेजारच्याच्या. मावशीने खुर्ची हातभर लांब सरकवून घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी खड्यांची पेटी गाडीतच राहून गेली आणि गाडी दुसऱ्या कामाला निघून गेलेली. शॉट तयार, हिरो तयार, टेबलावर मात्र काही नाही. भाच्याने डोकं चालवलं. पुढच्या आठवड्यात सगळं युनिट परदेशी जाणार होतं, त्यासाठी सामानाची ट्रंक बांधून ठेवली होती. तिच्यातही खड्यांच्या पुड्या होत्या. त्याने वरची एक पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

मावशीने सवयीने पुडी उलगडली. निळसर अस्तराचा कागद, नीट पाच घड्या घातलेला. आत चाळीसेक खडे. तिने एक चिमट्यात धरला, हिरोला दाखवायला म्हणून त्यावर फुंकर घातली. काचेवर श्वासाची वाफ बसते आणि दोन-चार क्षण रेंगाळते. या खड्यावर ती बसली न बसली तोच उडून गेली.

तिने दुसरा उचलला. तिसरा उचलला. मग भिंग डोळ्याला लावलं. पैलूंच्या कडा धारदार होत्या, कुठेही झिजल्यासारख्या गोल नव्हत्या, आणि एका खड्याच्या पोटात बारीक ढगासारखा डाग होता. काचेत बुडबुडे असतात. असा ढग जमिनीच्या पोटातच तयार होतो.

मावशीचा चेहरा हलला नाही. हिऱ्यांच्या बाजारात चेहरा हलवणाऱ्याचं नुकसान होतं, हे तिला विशीतच कळलं होतं.

"आज हातांना विश्रांती देऊ," ती हिरोला म्हणाली आणि पुडी घड्या घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. भाच्याला तिने मेकअपच्या खोलीमागे गाठलं.

"ही पुडी कुठून आली?"

"ट्रंकेतून. का?"

"हे खरे आहेत."

भाचा हसला. मग मावशीकडे बघून त्याचं हसू ओठांवरच वाळलं. "सगळे?"

"पुडीतले सगळे. ट्रंकेत आणखी किती आहेत?"

"अकरा." तो तिथल्याच एका खोट्या तिजोरीवर बसला. तिजोरी पुठ्ठ्याची होती, ती दबली. "मावशी, सामानाच्या यादीवर माझी सही आहे. 'काचेचे खडे, चित्रीकरणासाठी.' शिक्के बसलेत. विमानतळावर ती ट्रंक कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही."

"म्हणूनच तर. ट्रंकेत पुड्या कुणी भरल्या?"

"मेहुणेसाहेबांनी दिल्या. म्हणाले, परदेशातल्या सीनसाठी चांगल्यातले मागवलेत."

मेहुणेसाहेब म्हणजे निर्मात्याच्या बायकोचा भाऊ. सिनेमात त्यांचं नेमकं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते सगळीकडे असत. सुगंधी, हसरे, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारे. मावशीला ते रोज 'मातोश्री' म्हणत आणि तिला रोज ते खटकत होतं.

"पोलिसात जाऊ," भाचा म्हणाला.

"जायचंच आहे. पण आत्ता गेलो तर आधी तुलाच धरतील. सही तुझी, ट्रंक तुझ्या ताब्यात. तो म्हणेल, मी काच दिली होती, यानेच बदलली. आणि समज त्याला खरंच माहीत नसेल, दुसऱ्याच कुणी त्याच्या हाती दिले असतील, तर त्या बिचाऱ्याचं विनाकारण तोंड काळं."

"मग?"

मावशीने पर्स पोटाशी धरली. तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला स्वतःलाच नवीन होतं. कारखान्यात तिच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक हिऱ्याबरोबर कागद असायचा. कुठून निघाला, कुणी आणला. हे चाळीस खडे बेवारस होते. कुणाच्या खाणीतून, कुणाच्या घामातून, कदाचित कुणाच्या रक्तातून ओरबाडून आणलेले, आणि आता तिच्याच बहिणीच्या पोराच्या सहीखाली लपून निघालेले. तिला संताप आला होता.

"ऐक," ती म्हणाली आणि पुडीतले खडे रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले. "माल माझ्याजवळ राहील. हा रिकामा कागद घे, आणि यात पहिल्या दिवशी सांडून टेबलाखाली राहिलेले काचेचे खडे भर. अशाच पाच घड्या घाल. मी दिग्दर्शकांशी बोलते."

दिग्दर्शक कॉफी ढवळत बसले होते. मावशी शेजारच्या खुर्चीवर बसली, या वेळी खुर्ची न सरकवता.

"तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगू का?" ती म्हणाली. "पूर्वी लोकांची समजूत होती की खरा हिरा हातोडीने फुटत नाही. म्हणून पारख करायला ऐरणीवर ठेवायचे आणि घालायचे घाव. वास्तविक खरा हिरा घावाने खुशाल फुटतो. किती चांगला माल असा धुळीला मिळाला असेल."

दिग्दर्शकांचा चमचा थांबला. "म्हणजे खलनायक अडाणी आहे. तो हिरोला म्हणतो, फोड. हिरोला माहीत आहे की हे खरे आहेत आणि फुटणार."

"तुम्हाला सुचलं ते," मावशी म्हणाली.

त्यांनी मावशीच्या मांडीवर थाप मारली आणि उठून ओरडायला लागले. अर्ध्या तासात ऐरण आली, हातोडी आली, दिवे फिरले. मावशीने भाच्याला सांगून मेहुणेसाहेबांनाही बोलावून घेतलं होतं. नवा सीन आहे, तुम्ही हवेतच, म्हणून. ते आले, हसत, रुमालाने कपाळ टिपत, आणि कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले.

हिरोने टेबलावरून पुडी उचलली. निळसर अस्तर, पाच घड्या. मावशी हिरोकडे बघतच नव्हती. ती मेहुणेसाहेबांच्या हातातल्या रुमालाकडे बघत होती. रुमाल कपाळापर्यंत जाता जाता हवेतच थांबला.

"ही पुडी कुठली?" त्यांनी भाच्याला हळूच विचारलं.

"ट्रंकेतली. खड्यांची पेटी गाडीबरोबर गेली ना."

हिरोने खडे ऐरणीवर ओतले. खलनायक म्हणाला, फोड. हिरोच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण काम मन लावून करायचा तो. हातोडी वर गेली.

"थांब!" मेहुणेसाहेब दोन दिव्यांच्या मधून धावले, एक दिवा आडवा केला, आणि ऐरणीवर अक्षरशः पालथे पडले. "अरे, खरे आहेत ते. कोट्यवधींचा माल आहे, गाढवांनो."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे तर भर दुपारी पडलं. कॅमेरा चालूच होता. आवाज टिपणारा माणूस कानावरचा हेडफोन न काढता म्हणाला, "साउंड एकदम क्लीन आलाय."

मेहुणेसाहेबांनी मूठभर खडे उचलले, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ती काच होती. ते सावकाश उभे राहिले. त्यांनी सगळ्यांकडे पाहून हसायचा प्रयत्न केला, पण हसायला सोबत कुणीतरी लागतं.

"उरलेल्या पुड्या ट्रंकेत आहेत," मावशी दिग्दर्शकांना म्हणाली. "आणि ही एक माझ्याकडे. पोलीस येईपर्यंत मला कुणीतरी दरवाजा बंद असलेल्या खोलीत बसवा. आणि चहा सांगा."

निर्माता अर्ध्या तासात आला. त्याने मेहुण्याला दोन शब्दही विचारले नाहीत, सरळ स्वतःच पोलिसांना फोन लावला. बायकोला तोंड कसं दाखवायचं याची चिंता त्याच्या चेहऱ्यावर होती, पण सिनेमा बुडण्याची चिंता त्याहून मोठी होती. संध्याकाळपर्यंत पोलीस आले आणि त्यांच्यामागून सीमाशुल्कवाले. बाराच्या बारा पुड्या खऱ्या निघाल्या. एकाही खड्याला कागद नव्हता. भाच्याची तीन दिवस चौकशी झाली, पण तो कॅमेऱ्यातला तुकडा पाहिल्यावर अधिकारी त्याला पाणी द्यायला लागले. पुढे परदेशात माल घ्यायला थांबलेली दोन माणसंही पकडली गेली.

सिनेमा पाच महिने अडकला. ऐरणीवर झेप घेतलेला तो शॉट दिग्दर्शकांना जिवापाड आवडला होता, पण तो पुरावा म्हणून जप्त झाला. मग एका नटाला घेऊन तो पुन्हा चित्रित केला. सव्वीस टेक झाले. दिग्दर्शक प्रत्येक वेळी डोकं धरून म्हणत, "अरे, खरंच काहीतरी जातंय असं ओरड." पण तसं कुणालाच ओरडता आलं नाही. सिनेमा बरा चालला.

भाचा त्या प्रकरणानंतर एक गोष्ट शिकला. सही करण्याआधी तो आता पेटी उघडून तळापर्यंत बघतो, पेटीत नुसत्या उशा असल्या तरी.

आणि मावशीला एक पत्र आलं. सीमाशुल्क खात्यात नवीन भरती झालेल्यांना हिरे ओळखायला शिकवाल का, आठवड्यातून दोन दिवस. थोरलीने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दोनच दिवस? चार नाही का जमणार त्यांना?"

पहिल्या दिवशी वर्गात चौदा तरुण अधिकारी कडक इस्त्रीच्या गणवेशात, वह्या उघडून, पेनं सरसावून बसले होते. मावशीने टेबल ओढून खिडकीशी नेलं, पांढरा कागद पसरला आणि म्हणाली, "वह्या मिटा. हात साबणाने धुऊन या. आणि येताना एकेक खुर्ची उचलून इकडे उजेडात आणा."