करड्या गाडीची दुसरी मालकीण

चष्मेवाल्याने फ्रेमच्या दांडीत स्क्रू बसवला, दोन फेरे दिले आणि तिसऱ्या फेऱ्याला त्याचा हात थांबला. दुकानासमोर एक गाडी येऊन उभी राहिली होती. इंजिन बंद झालं तरी आतून एक बारीक शिट्टी वाजत राहिली आणि मग हळूहळू विझली. अर्धवट बसलेला स्क्रू निसटून फरशीवर कुठेतरी गेला. तो शोधायला चष्मेवाला वाकला नाही.

गाडी करडी होती. डाव्या दारावरचा पोचा कुणीतरी काढून टाकला होता, पण तिथला रंग बाकीच्या रंगाहून किंचित उजळ होता. तो पोचा कधी पडला, कोणत्या खांबाला घासून पडला, हे त्याला पाठ होतं.

उतरलेली बाई पस्तिशीची असेल. पांढऱ्या गणवेशावर स्वेटर आणि खांद्याला औषधांची पिशवी. घरोघर फिरून अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करते, असं तिने आल्या आल्या सांगितलं आणि काउंटरवर चष्मा पुसायचं एक निळं फडकं ठेवलं. कोपऱ्यात दुकानाचं नाव छापलेलं होतं.

"हे तुमचंच ना?"

"आमचंच. प्रत्येक चष्म्याबरोबर देतो."

"माझ्या गाडीत सापडलं. ड्रायव्हरच्या सीटखाली, पार आत अडकलेलं. गाडी मी जुनी घेतलीय, कंपनीच्याच शोरूममधून. कागदांवर शोरूमचंच नाव आहे. म्हटलं, आधीचे मालक तुमच्याकडे येत असतील. नाव सांगाल का त्यांचं?"

"इतकी माणसं येतात. कसं लक्षात राहणार?" तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"काका, ती चढावर बंद पडते."

मागच्या खोलीत त्याची बायको काचा घासत होती. ते मशीन थांबलं.

चौदा महिने ती गाडी त्याच्याकडे होती. त्यात अकरा वेळा ती चालता चालता बंद पडली होती, दर वेळी चढावर आणि दर वेळी इंजिन चांगलं तापल्यावर. पाच-सात मिनिटांनी ती शहाण्यासारखी सुरू व्हायची, आणि वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत तिला काहीच झालेलं नसायचं. एकदा पाण्याच्या टाकीकडच्या चढावर ती मागे घसरत गेली आणि मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. बायको तेव्हा त्याच्या शेजारी बसली होती. त्या दिवसापासून ती मागच्या सीटवर बसते, नव्या गाडीतसुद्धा.

नवी गाडी वकिलाने मिळवून दिली होती. वॉरंटीत तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, तर गाडी बदलून मागायचा मालकाला हक्क आहे, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. निकालाच्या आधीच कंपनीने तडजोड केली. अट एकच होती. या घरातून त्या दोषाबद्दल बाहेर कुठे शब्द जाता कामा नये, गेला तर नवी गाडी परत. सही करताना चष्मेवाल्याने विचारलं होतं, "आणि जुनीचं काय होणार?" वकील म्हणाला, "तुम्हाला नवी मिळतेय ना?" त्याने पुन्हा विचारलं नाही.

मात्र तेव्हापासून रोज सकाळी पेपर आला की तो आधी अपघातांचं पान काढायचा. गाडीचा रंग दिलेला नसला की त्याचा चहा निवून जायचा. रस्त्यात करडी गाडी दिसली की तो पुढे जाऊन आत कोण आहे ते बघायचा. एकदा एका गाडीत मागे दोन लहान मुलं दिसली, तर नंबर वाचता येईपर्यंत तो तीन चौक त्यांच्या मागे गेला. ती गाडी दुसरीच निघाली. बायकोला यातलं त्याने काही सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विषय काढला नव्हता. जुन्या गाडीचं पुढे काय झालं याचा ती विचार करत नसेल, असं तो धरून चालला होता.

"चार वेळा झालं," नर्स सांगत होती. "परवा मागे एक आजोबा होते, ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले. गाडी मागे जायला लागली तेव्हा त्यांनी माझा खांदा असा धरला, की अजून वळ आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, गाडीत काही नाही, दोष तुमच्या हातात आहे. आजवर दुसऱ्या कुणाची तक्रारच नाही म्हणे."

दोष तुमच्या हातात आहे. हे वाक्य त्याने अकरा वेळा ऐकलं होतं.

"मला खरंच आठवत नाही," तो म्हणाला. फडक्याची घडी घालून त्याने ते तिच्याकडे सरकवलं.

ती ते उचलणार, तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरला. बायको हात पुसत बाहेर आली. बोटांना काचेची पांढरी भुकटी लागलेली होती.

"बंद पडायच्या आधी समोरचे दिवे मंद होतात ना?" तिने विचारलं. "आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं?"

नर्सने खांद्यावरची पिशवी काउंटरवर टेकवली.

"अगं," चष्मेवाला म्हणाला.

"सही तुम्ही केलीत. माझी कुणी मागितली नाही." तिने एप्रनची गाठ सोडली. "बाई, शोरूमने दिलेली वॉरंटी शिल्लक आहे ना? मग नीट ऐका. ती बंद पडली की पुन्हा चावी फिरवायची नाही. तिथूनच कंपनीला फोन करायचा. त्यांच्या माणसाने डोळ्यांनी बघून दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, जॉबकार्डवर लिहिलं पाहिजे, साक्षीदारासकट. लिहिलं नाही तर घडलंच नाही, असं आमचे वकील म्हणायचे. आणि दोष लपवून विकली असेल, तर तुम्हीही बदलून मागू शकता. चला, टाकीच्या चढावर जाऊ. आधी गावाला वळसा घालू, म्हणजे तापेल."

"तू कशाला जातेस?" तो म्हणाला.

"साक्षीदार कुठून आणणार त्या?"

ती बाहेर गेली. करड्या गाडीचं पुढचं दार उघडून क्षणभर थांबली, सीटवर हात ठेवून बघितला आणि मग पुढेच बसली. पट्टा लावताना तिची मान खाली होती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत चष्मेवाला दारात उभा राहिला. ती शिट्टी त्याला नंतरही बराच वेळ ऐकू येत होती.

दोन गिऱ्हाइकं आली. एकाला त्याने दुसऱ्याचाच चष्मा दिला. तास झाला, दीड तास झाला. आपण फोन केला आणि नेमकी तेव्हाच ती चढावर असली तर, म्हणून त्याने फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला.

शेवटी तोच वाजला.

"बंद पडली," बायको म्हणाली. मागे वारा घोंगावत होता. "मी हँडब्रेकवर हात ठेवूनच बसले होते. आता चाकांना दगड लावलेत. कंपनीचा माणूस आलाय, लिहून घेतोय. ऐकताय ना?"

"ऐकतोय. तुला काही झालं नाही ना?"

"नाही. ते राहू दे. साक्षीदाराचं पूर्ण नाव मागतोय हा. माझ्या ओळखपत्रावर अजून माहेरचंच आहे. तेच सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही."

त्याने बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे, सावलीत, नवी गाडी उभी होती. दोन वर्षांत ती एकदाही बंद पडली नव्हती.

"अहो, लवकर सांगा. तो पेन धरून उभा आहे."

"आपलं आडनाव सांग," तो म्हणाला. "आणि नीट लिहितोय का बघ."

पलीकडे तिने त्या माणसाला आडनाव दोनदा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग घ्यायला या आम्हाला. नवी गाडी आहे तोवर वापरून घेऊ."