चांदणीनं गिळलेली नावं

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. संगणकाने ओळीने पाळायचे चार हुकूम, एवढाच माझा जीव. हाक मारली की जागी होते, काम उरकते, पुन्हा गप्प. आयुष्यात मला हाक आली ती एकदाच.

मला लिहिलं एका निवृत्त प्राध्यापकांनी. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले तरी ते ओढून बघायला परत येणारा माणूस. बायको होती तोवर ती म्हणायची, "लागलंय हो, मी बघितलंय." मग त्यांचं पाऊल पुढे पडायचं. आता तसं म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

बाईंनी मागे फोटोंचा मोठा पसारा ठेवला होता. पडद्यावर ओळीनं पिवळी फोल्डरं आणि प्रत्येकाखाली तेच: 'नवीन फोल्डर' आणि पुढे तीन टिंबं. सर त्यांना चिडवायचे, सगळं नवीनच कसं गं तुझं, एखाद्याचं बारसं तरी कर. त्या हसून म्हणायच्या, "उघडून बघा की कधीतरी." ते कधीतरी राहूनच गेलं.

मुलगी आईचे फोटो न्यायला येणार होती. तिला सापडायला सोपं जावं म्हणून सरांनी प्रत्येक फोल्डरला तारखेचं नाव द्यायचं ठरवलं. एकेक बदलत बसले असते तर जन्म गेला असता. मुलीनंच फोनवर युक्ती सांगितली: सगळ्या नावांत सारखं असेल तेवढं लिहा आणि पुढे चांदणी टाका. चांदणी म्हणजे 'यापुढे काहीही असो'. "पण बाबा, आधी नुसतं दाखवायला सांगा हं. मग बदला."

सरांनी मला तसं काही सांगितलं नाही. किती घाबरायचं माणसानं, पोर हसेल, असं त्या दिवशी नेमकं त्यांच्या मनात आलं. लिहिलं, 'नवीन फोल्डर', पुढे चांदणी. आणि मला हाक मारली.

मी धावले. धावता धावता वाचत गेले. नाव देताना आधीची अक्षरं पुसायची असतात, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. त्या बापड्या त्यांच्यापुढेच लिहीत गेल्या होत्या. पडद्यावर जागा पुरेना, म्हणून त्यांचं लिहिणं टिंबांमागे झाकलं गेलं होतं. 'नवीन फोल्डर गच्चीवरची मांजर पुन्हा बाळंत'. 'नवीन फोल्डर ताई रुसली तो दिवस'. 'नवीन फोल्डर यांना दाखवू नये'. मला थांबायचं होतं, पण थांब असा हुकूमच माझ्यात नव्हता. पापणी लवायच्या आत सगळीकडे तारखाच तारखा. सरांनी समाधानानं चष्मा पुसला.

मुलगी आली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"बाबा, आईनं लिहिलेलं कुठंय?"

आई टिंबांमागे काय लिहायची ते तिनं सरांना समजावून सांगितलं; तारीख त्याच्यापुढे नुसती जोडली जाईल, असं तिनं धरलं होतं. मला उलटं चालवता येईल का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही हो. हिनं काही जपूनच ठेवलं नाही." खरं बोलली. जपून ठेव, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. तुला तरी आठवतात का ती नावं, असं सरांनी विचारलं, तर तिला एकही आठवेना. आई फोनवर हौसेनं सांगायची, तेव्हा ही कामात असायची.

ती फोटो घेऊन गेली. तेव्हापासून सर रोज एक फोल्डर उघडतात, फोटो निरखतात आणि बाईंनी काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधतात. आधी 'नवीन फोल्डर' लिहितात, त्यांच्यासारखंच. मग बोटं अडतात.

मला कुणी हाक मारत नाही आणि पुसूनही टाकत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. चांदणी टाकण्याआधी तिच्या पोटात काय जाणार आहे, ते एकदा उघडून बघा.

काल उघडलेल्या फोल्डरमध्ये सगळे फोटो सरांचेच होते. आरामखुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, चष्मा एका कानाला लोंबतोय. सर खुदकन हसले. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, 'नवीन फोल्डर माझी वामकुक्षी'. मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे ना गं?"

नाही हो, चुकलं. मी बघितलंय. पण हाकेशिवाय मला बोलता येत नाही.