म्हस फुडं, आप्पा मागं

भरमा गवळ्याची चंद्री म्हैस त्याच्या एका हाळीवर पळायची. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून गावातल्या म्हशी देवळापासून वेशीपर्यंत पळवत. धनी पुढं, म्हैस मागं. पन्नाशी उलटली तरी भरमा दर वर्षी अनवाणी चंद्रीच्या पुढं असायचा. यंदा मात्र ऐन उन्हाळ्यात गोठ्यात त्याचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं.

कडोलीच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या सोडताना बजावलं, "आदी नुस्तं चालायचं. मग दुडकी. पळायचं लई मागनं."

पण भरमाला कुठला धीर? त्याचा पुतण्या परशराम याच वर्षी राजदूत फटफटी घेऊन आला होता. "आप्पा, पाडव्यापातूर पाय बरा झाला तर तुमी, न्हायतर मी. गाडी म्होरं, म्हस मागं. तुमी कट्ट्यावर बसून बघा."

"म्हस धुराच्या मागं पळती व्हय रं?" भरमा उसळून म्हणाला. त्या दिवसापासून त्याला घर खायला उठलं. बसला की उठायचा, उठला की अंगणात फेऱ्या मारायचा. श्रावणात एका सकाळी त्याला राहवेना. तळ्याच्या बांधावर तो सुसाट सुटला, आणि सांज होईतो पाय भोपळ्यासारखा सुजला.

"झालं समाधान?" हळदीचा लेप लावत बायको जयाबाई म्हणाली. "पाडवा काय पळून चाललाय?"

"पाडवा न्हाय गं. परशराम चाललाय."

पुन्हा पहिल्यापासून आरंभ झाला. आधी चालणं, मग बांधाच्या वळणापर्यंत दुडकी. अंगात रग असतानाच थांबायचं. पळण्यापेक्षा ते थांबणंच त्याला जड जायचं.

पाडव्याला गल्ली माणसांनी फुलली. परशरामनं गाडी चालू करून ठेवली होती. भरमानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. धोतराचा काचा मारला, हाळी दिली आणि दुडक्या चालीनं निघाला.

चंद्री मागोमाग आली. पण तिला त्याची ही चाल कुठली पुरतेय? देवळाचा कोपरा वळताच ती त्याच्या बरोबरीला आली आणि घुंगरं वाजवत सरळ पुढं गेली.

"म्हस फुडं, आप्पा मागं!" कुणीतरी ओरडलं. गल्ली खदखदून हसली, परशरामही.

भरमाच्या पायांत वीज आली. चार ढांगा टाकल्या तर तिला गाठता आलं असतं. एक ढांग पडलीही, आणि नडगीतून कळ निघाली. त्यानं दात आवळले, पाऊल आखडतं घेतलं आणि हसण्याच्या त्या गलक्यातून तसाच दुडकत राहिला. बांधावर इतकी पावलं आवरली होती, पण आजच्याइतकं एकही जड गेलं नव्हतं.

तो पोचला तेव्हा वेशीवर चंद्री कुणाच्या तरी दारातलं झेंडूचं तोरण चघळत उभी होती. जयाबाईनं खाली वाकून त्याची नडगी चाचपली.

"सुजंल का?"

"न्हाय सुजायची."

परशराम गाडी घेऊन आला. आता तो हसत नव्हता. "बसा आप्पा, घरला सोडतो."

"तू हो म्होरं," चंद्रीच्या पाठीवर थाप मारत भरमा म्हणाला. "आमी दोगं येतोय मागनं."