निळ्या लोकरीचं पाकीट

दिनानाथ वैद्यांच्या घरात वस्तू उघडी दिसणं म्हणजे पाप. टीव्हीला झालर, फ्रिजच्या मुठीला टोपी, रिमोटला प्लास्टिक. २००६ साली मुलाने, पुष्करने, मोबाइल घेऊन दिला तेव्हा त्यांच्या बायकोने, माईंनी, त्यालाही निळ्या लोकरीचं जाड पाकीट विणलं. त्यात चार्जरच्या पिनेपुरतं भोक ठेवायची अक्कल दिनानाथांची. अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल खात्याचे साहेब होते ते, उगाच नाही.

पण चार्जिंगला लावला की फोन तव्यासारखा तापायचा. दोष शोधायला दिनानाथांना वेळ लागला नाही. चार्जर कुळगावातल्या मिलिंदच्या दुकानातला, मिलिंद माल आणणार उल्हासनगरहून, म्हणजे डुप्लिकेट असणारच. हा मिलिंद त्यांच्याच हाताखालच्या हरिचंद्राचा मुलगा. चालत्या मोटरवर गोणपाट टाकून ती तापवली म्हणून त्या हरिचंद्राला दिनानाथांनी एकदा मेमो दिला होता.

रविवारी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी नुसता फोन पुढे सरकवला आणि चार्जर काउंटरवर आपटला. "माझा फोन जाळायचा विचार आहे का?"

मिलिंदने फोन उलटसुलट पाहिला, पिनेच्या भोकात डोकावला. "काका, घरी चार्जिंगला कसा ठेवता?"

प्रश्न साधा होता. पण साहेबांना कोणी उलट विचारलेलं खपत नसे. "मला शिकवतोस? तुम्हा लोकांना दुकान टाकून दिलं तरी धंदा काही जमायचा नाही."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखालीच मिलिंद बसला होता. त्याने नवा चार्जर काढून दिला, पैसेही घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी फोन गार राहिला. "बघ, दम दिला की चांगला माल निघतो," दिनानाथ म्हणाले.

"पाकीट धुतलंय हो, दोरीवर वाळतंय," माई म्हणाल्या. त्याकडे कोण लक्ष देतो?

मंगळवारी पाकीट चढलं आणि फोन पुन्हा तापला. काढलं, गार झाला. चढवलं, तापला. काखेत कळसा नि गावाला वळसा. दिनानाथ पाकीट हातात घेऊन बसून राहिले. या वेळी गोणपाट त्यांनीच टाकलं होतं. त्याची लाज वाटलीच, पण ती गिळता आली असती. दुकानातलं ते वाक्य काही गिळता येईना.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. गुरुवारी दुपारी, दुकान रिकामं असेल अशी वेळ साधून ते गेले. अपमान चारचौघांत आणि माफी एकांतात, हा आपला लबाडपणा त्यांना स्वतःलाही कळत होता.

"चार्जर बरोबर होता, मिलिंद. आम्हीच फोनला लोकर गुंडाळत होतो."

"माहितीये, काका. पिनेच्या भोकात निळे धागे होते."

"मग बोलला का नाहीस?"

"पब्लिक होती ना समोर. तुम्ही इलेक्ट्रिकलचे साहेब. बरं दिसलं नसतं."

याने थोबाडीत दिली असती तर सोपं गेलं असतं, असं दिनानाथांना वाटलं. तेवढ्यात दोन बायका रिचार्ज मारायला आल्या. आता निघून जाता आलं असतं. मिलिंदनेही "बरं, या मग, काका," म्हणून वाट मोकळी करून दिली.

दिनानाथ काउंटर धरून उभे राहिले. "रविवारी मी तुला 'तुम्हा लोकांना' म्हणालो," बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "ते चार्जरपायी नव्हतं. माझ्या मनात ते आधीपासूनच होतं. मला त्याची लाज वाटते."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मिलिंदने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"ऐकलं, काका," तो म्हणाला.

पुढे 'जाऊ द्या' म्हणेल, या आशेने दिनानाथ थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांना त्या आशेचीही लाज वाटली आणि ते दुकानाची पायरी उतरले.