पहारेकऱ्याच्या कोटातला चोर

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात पनवेलच्या आसपास डुकरं तापाने पटापट मरू लागली. गुरांचे डॉक्टर काशिराम लस घेऊन हिंडत, पण धडधाकट जनावराला सुई टोचू द्यायला कोणी राजी होईना. शेवटी त्यांनी दिनानाथबुवांना गळ घातली. बुवांनी कीर्तनात सांगितलेलं माणसं घरी घेऊन जातात, हे त्यांच्यामागे झांजा धरून मी वीस वर्षं पाहत आलोय.

बुवांनी रोग नीट समजून घेतला आणि दुपारच्या कीर्तनात तोच लावला. शरीर म्हणजे आपला कर्नाळा किल्ला, रक्तातल्या पेशी म्हणजे पहारेकरी. हा विषाणू असा लबाड की पहारेकऱ्यांच्याच अंगात शिरतो, त्यांना हाकाटी करू देत नाही आणि एकेकाला गार करतो. लस म्हणजे पांगळा करून आणलेला चोर. त्याचं तोंड एकदा पाहिलं की पहारेकरी खऱ्याला दारातच धरतात. बुवा इतके रंगले की डॉक्टरांचा खाकी कोट पहारेकऱ्याचा म्हणून चढवून त्यांनी चोराचं सोंग केलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघे खाडीकाठी भामाकडे गेलो. नऊ डुकरांवर तिचं घर चाले, आणि शेजारच्या वाडीतली सगळी मेली होती. डॉक्टरांना पाहताच ती काठी घेऊन दारात उभी राहिली.

"बुवा, तुमीच सांगितलाव ना? चोर राखणदाराचा कोट घालून येतो. ह्यो बघा, आला."

बुवांनी समजावलं की खरा चोर डोळ्यांना दिसत नाही एवढा बारीक असतो. मग हा त्याचा बाप असेल, असं तिचं म्हणणं पडलं. डॉक्टरांनी निमूटपणे कोट काढला. आतलं बनियन फाटकं निघालं, तेव्हा कुठे तिला त्यांची दया आली.

"तो पांगळा चोर दावा आदी."

डॉक्टरांनी बाटली दिली. तिने ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"दिसत नाय. तरी हाय म्हनता? देवावानी?"

बुवा गडबडले. "देवावानीच, भामे. फक्त लंगडा."

तिने बाटलीला हात जोडले, पण टोचलेल्या प्रत्येकाच्या कपाळी बुवांनी बुक्का लावावा, अशी अट घातली. कोणाला टोचलं ते कळेल म्हणून डॉक्टरही खूश झाले. आठ जणांची कपाळं काळी झाली. नववी थोरली डुकरीण सुई टोचताच वळली आणि तिने बुक्का डबीसकट गिळला.

डॉक्टर घाबरले. भामाने तिची पाठ थोपटली.

"खाऊ दे. आतून बी राखण झाली."

पावसाळा सरला. नऊच्या नऊ जिवंत होती, आणि नवी डुकरं डॉक्टरांकडून टोचून घ्यायला तिच्या दारी आलेल्या वाडीवाल्यांना भामा आधी विचारायची, बुक्का कपाळाला लावायचा की खायला घालायचा?