देणारं सोंग

"बाई, कापसाचा खर्च वाचला. दाढी अस्सल हाय," असं शाळेतल्या स्नेहलबाईंना म्हणत राजेंद्रने सोनबाच्या दाढीला हात लावला. राजेंद्र शाळेची बस चालवायचा. सोनबाने त्याचा हात बाजूला सारला.

श्रावणात सोनबाची बायको ठमाबाई गेली. दहाव्याला दाढी उतरवली, त्यानंतर सोनबाने वस्तरा धरला नव्हता. नवस नव्हता, काही नव्हतं. रोज सकाळी अंगणात आरसा धरून तीच उभी राहायची. आता धरायला कोणी नव्हतं. दाढी पांढरीशुभ्र वाढली आणि महाडच्या इंग्रजी शाळेत मोठ्या बाईंच्या नजरेत भरली. यंदाचा सांता सोनबा, असं ठरून गेलं. त्याला कोणी विचारलं नाही. शिपायाला कोण विचारतं?

पण त्याचा जीव घोटाळत होता. वर्ष फिरलं नव्हतं. घरात गणपती आणला नव्हता, दिवाळीला करंजी तळली नव्हती. मग हे लाल सोंग अंगावर चढवायचं कसं? हा सण धरायचा की नाही?

कोटाची बटणं लावणाऱ्या स्नेहलबाईंना त्याने विचारलं, "बाई, ह्यो माणूस मूळचा कुठला?"

"तुर्कस्तानातला म्हणतात. निकोलस नावाचा धर्मगुरू होता. गरिबाच्या मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप पैसे टाकून जायचा, अशी गोष्ट आहे. इटलीत मात्र एक म्हातारी येते, झाडूवर बसून. रशियात आजोबा येतात, नातीला घेऊन."

"म्हंजे एक नाय? आनि बायको हाय का ह्याला?"

स्नेहलबाई हसल्या. "धर्मगुरूला कुठली बायको? पण अमेरिकेत त्याला बायको आहे म्हणतात."

"हाय का नाय, एक काय ते सांगा की."

"ते मलाही नाही सांगता येणार, मामा."

सोनबाचा गोंधळ वाढलाच. त्याच्या सगळ्या हयातीत सोंग घेऊन आलेला माणूस मागायलाच आला होता. वासुदेव, नंदीबैलवाला, शिमग्यात पोस्त मागणारी पोरं. ठमाबाईने कोणाला रिकामं पाठवलं नाही. डब्यात खडखडाट असला तरी मूठभर निघायचंच. तो कावायचा, ती ऐकायची नाही. आणि हा लाल कोटवाला म्हणे नुसता देत सुटतो. मग ह्याला देतं कोण?

दुपारी बस निघाली. उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर सोनबा चॉकलेट ठेवत गेला. पिशवीची शिवण उसवली होती, मधेच एखादं खाली गळायचं, पोरं त्यावर तुटून पडायची. पोलादपूरच्या पुढे शेवटची वाडी आली तेव्हा एकच चॉकलेट उरलं होतं. ते हर्षदला दिलं आणि त्याला दारापर्यंत सोडायला सोनबा खाली उतरला.

हर्षदची आजी बनुबाई ओटीवर बसली होती. तिने कोट पाहिला, दाढी पाहिली, रिकामी पिशवी पाहिली. आत गेली आणि सुपात तांदूळ घेऊन आली.

"आजी, ह्यो देनारा हाय, घेनारा नाय," राजेंद्र बसमधून ओरडला.

"गप रे. दारात आलेला मानूस रिकामा जातो काय? धर रे बाबा, पिशवी धर."

सोनबाने धरली. तांदूळ पडले. बनुबाई तशीच उभी राहिली.

"आता बोल की. दान पावलं म्हन. आमच्या मानसाचं नाव हैबती."

वासुदेव घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतो, ते सोनबाला ठाऊक होतं. पण आपण वासुदेव नाही, हे म्हातारीला कसं सांगावं? आणि आहोत तरी कोण? तो चाचरत म्हणाला, "दान पावलं, हैबतीला." तोंड मिटायच्या आत पुढचं बाहेर पडलं. "दान पावलं, ठमाबाईला."

"ही कोन?"

"घरातली. श्रावनात गेली."

बनुबाईने त्याच्या दाढीकडे पुन्हा एकदा पाहिलं. आत गेली, ओंजळभर तांदूळ घेऊन आली आणि वरून सोडले. "हे तिच्या नावाचं. मघाचं आमचं."

परतीच्या वाटेवर राजेंद्र काहीबाही बोलत होता. सोनबाने पिशवी मांडीवर घेतली होती. उसवलेल्या शिवणीवर त्याने बोट दाबून धरलं होतं, ते महाड येईपर्यंत काढलं नाही.